‘मी’ केव्हा म्हणावा, केव्हा गाळावा: सिंगापुरातील मराठी मुले आणि इटालियन व्याकरणाची साक्ष

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये दुपारी कोणी ओळखीचे भेटले की पहिला प्रश्न बहुधा जेवणाचा असतो. मलय भाषेत तो ‘दाह माकान?’ असा दोन शब्दांत उरकतो. ‘झाले का खाऊन?’ एवढाच त्याचा अर्थ. मंदारिनमध्येही ‘खाल्ले का’ इतक्यावर भागते. तमिळ माणूस ‘साप्पिट्टींगळा?’ असे एकाच शब्दात विचारतो. येथील बोली इंग्रजी, जिला सगळे सिंग्लिश म्हणतात, ‘ईट ऑलरेडी?’ म्हणून मोकळी होते. आणि शेजारच्या टेबलावरचे मराठी कुटुंब ‘जेवलात का?’ म्हणते. यांपैकी कोणीही ‘तुम्ही’ हा शब्द उच्चारलेला नाही आणि कोणाचा गोंधळही झालेला नाही. शाळेत शिकवले जाणारे प्रमाण इंग्रजी मात्र येथे अडून बसते. त्यात ‘यू’ आल्याशिवाय वाक्य उभेच राहत नाही.

आता मुलांच्या दिवसाचा मोठा भाग याच अडून बसणाऱ्या भाषेत जातो. 1987 पासून सिंगापूरच्या सर्व शाळांचे माध्यम इंग्रजी आहे, आणि 2020 च्या जनगणनेत पाच वर्षांवरील रहिवाशांपैकी 48.3 टक्के लोकांनी घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा म्हणून इंग्रजीचेच नाव सांगितले. मराठी घरे याला अपवाद नाहीत. त्याचा परिणाम मुलांच्या शब्दसंग्रहावर होतो हे सगळ्यांच्या लक्षात येते. कमी लक्षात येणारा परिणाम सर्वनामांवर होतो. ‘मी शाळेतून आलो. मी हात धुतले. मी जेवलो. आता मी खेळायला जातो.’ यातले एकेक वाक्य तपासले तर व्याकरणात चूक सापडणार नाही. तरीही व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी हे ऐकते तेव्हा तिला नातवाची मराठी कुठेतरी अवघडलेली वाटते. क्वचित नातूच थोडा ‘मी-मी’ करणारा वाटतो. मुलाचा स्वभाव तसा नसतो. त्याने फक्त इंग्रजीची सवय मराठीत आणलेली असते.

मराठी व्याकरणात न उच्चारलेल्या कर्त्यासाठी ‘अध्याहृत’ हा जुना शब्द आहे. अध्याहृत म्हणजे गैरहजर नव्हे. वाक्यात नसला तरी ऐकणाऱ्याने गृहीत धरलेला. हे गृहीत धरणे शक्य होते, कारण मराठीचे क्रियापद कर्त्याची खूण अंगावर बाळगते. ‘जाईन’ म्हटले की बोलणारा स्वतःविषयी बोलतो आहे, ‘जाशील’ म्हटले की समोरच्याविषयी, ‘जाईल’ म्हटले की तिसऱ्याच कोणाविषयी. ‘जाल’ आणि ‘जातील’ यांतही शंका राहत नाही. भूतकाळात तर ही खूण आणखी बोलकी होते: ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ यांतून समोरची व्यक्ती मुलगा की मुलगी हेही कळते. मग ‘मी जाईन’ मधला ‘मी’ माहितीच्या दृष्टीने शिल्लक उरतो. जी गोष्ट प्रत्ययाने सांगितली तीच पुन्हा सर्वनामाने सांगितली जाते.

युरोपात हीच व्यवस्था सर्वांत जास्त अभ्यासली गेली ती इटालियन भाषेत. ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे. त्याची वर्तमानकाळातील रूपे अशी: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. सहा कर्त्यांची सहा वेगळी रूपे, त्यामुळे ‘ईओ’ म्हणजे ‘मी’ किंवा ‘तू’ म्हणजे आपल्यासारखेच ‘तू’, हे शब्द रोजच्या बोलण्यात फारसे लागत नाहीत. (इटालियन आणि मराठी यांचे ‘तू’ एकसारखे आहे हा योगायोग नाही, दोन्ही भाषा एकाच दूरच्या पूर्वजाच्या आहेत.) लुइजी रिझ्झी या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने 1982 मध्ये इटालियन वाक्यरचनेवर लिहिलेल्या ग्रंथापासून ‘कर्ता गाळणाऱ्या भाषा’ हा जगभरच्या अभ्यासाचा विषय झाला, आणि इटालियन हे त्याचे नेहमीचे उदाहरण ठरले.

इटालियनमध्ये जेथे प्रत्यय पुसट होतो तेथे सर्वनाम परत येते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. शंका किंवा इच्छा व्यक्त करणाऱ्या रूपात एकवचनी तिन्ही कर्त्यांना ‘पार्ली’ हे एकच रूप चालते. म्हणून तेथे इटालियन माणूस संदिग्धता टाळण्यासाठी ‘तू’ उच्चारतो. फ्रेंचची कथा याच सूत्रावर पुढे जाते. तिचे बरेचसे प्रत्यय लिहिण्यात उरले, पण उच्चारातून झिजले, आणि आज फ्रेंचमध्ये सर्वनाम गाळता येत नाही. दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी. एकीने प्रत्यय सांभाळले, दुसरीला सर्वनामांचा आधार घ्यावा लागला.

सिंगापूर मात्र या सोप्या सूत्राला लगेच आडवे येते. मंदारिनमध्ये क्रियापदाला असले प्रत्यय मुळीच नाहीत, मलयमध्येही नाहीत, आणि तरी दोन्ही भाषा कर्ता बिनदिक्कत गाळतात. भाषाशास्त्रज्ञ जेम्स हुआंग यांनी 1984 मध्ये चिनी भाषेच्या आधारे हाच मुद्दा मांडला: काही भाषा प्रत्ययाच्या बळावर कर्ता गाळतात, तर काही चाललेल्या विषयाच्या बळावर. सिंग्लिशने ही दुसरी रीत शेजाऱ्यांकडून उचलली. अँथिया फ्रेझर गुप्ता यांनी सिंगापुरातील मुलांच्या इंग्रजीवर 1994 मध्ये पुस्तक लिहिले. कर्त्याविना वाक्य ही त्यांनी या बोलीच्या ओळखखुणांपैकी एक मानली आहे. ‘कॅन?’ या प्रश्नाला ‘कॅन’ हे उत्तर देऊन सगळा व्यवहार पार पडतो तो याच रीतीने. 2000 मध्ये सरकारने शुद्ध इंग्रजीची मोहीम सुरू केली ती अशाच बोलीला आवर घालण्यासाठी. म्हणजे सिंगापुरातील मराठी मूल कर्ता गाळण्याला अपरिचित असते असे म्हणता येणार नाही. ते खेळाच्या मैदानावर तो सर्रास गाळते. पण ते गाळणे संदर्भाच्या भरवशावरचे असते. क्रियापदाच्या शेवटाकडे कान देण्याची गरज त्यात कधी पडत नाही. मराठीत नेमकी तीच गरज असते.

मराठीतही सगळीकडे प्रत्यय पुरेसा नाही. ‘जातो’ हे रूप ‘मी’, ‘तो’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या चौघांनाही चालते. दारात उभे राहून कोणी ‘बरंय, येतो’ म्हटले तर निरोप घेणारा स्वतःविषयीच बोलतो आहे हे प्रसंगावरून कळते, रूपावरून नव्हे. कर्मणी प्रयोगात तर क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माशी जुळवून घेते: ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’. खाणारा कोण, याचा पत्ता नाही. पण येथेही समोरच्या व्यक्तीचा मान मराठीने राखला आहे. ‘पोळी खाल्लीस’ या रूपात ‘ली’ पोळीचे स्त्रीलिंग सांगते आणि शेवटचा ‘स’ खाणाऱ्या ‘तू’ला उघडा पाडतो. एका क्रियापदात कर्म आणि कर्ता असे दोघे बसवणारी ही रचना मराठी व्याकरणकारांनी कर्तृ-कर्म संकर या नावाने नोंदवली आहे. फ्रिजमधला शेवटचा लाडू कोणी संपवला याची चौकशी ‘लाडू खाल्लास?’ एवढ्या दोन शब्दांत होऊ शकते ती तिच्यामुळे.

सर्वनाम न लागणाऱ्या भाषेत ते उच्चारले की त्याला अर्थ चिकटतो. इटालियन माणूस ‘पागो’ म्हणतो तेव्हा ‘पैसे देतो’ एवढेच सांगतो. ‘पागो ईओ’ म्हणतो तेव्हा ‘पैसे मी देणार, तुम्ही नाही’ असे बजावतो. मराठीत हा जोर शब्दाच्या जागेने येतो, आणि जागा इटालियनच्या उलट आहे: सर्वनाम क्रियापदाच्या लगेच आधी येते. ‘पैसे मी देतो’ यात बिलावरून होणाऱ्या प्रेमळ भांडणाचा सूर आहे. ‘मी पैसे देतो’ हे त्या मानाने सपाट निवेदन आहे. आणि ‘निघतो मी आता’ असे सर्वनाम शेवटी गेले की जोर संपून उलट मवाळपणा येतो. ‘मी जातो, तू थांब’ यात विरोध दाखवायचा आहे, म्हणून दोन्ही सर्वनामे हवीतच. ‘कोण येणार?’ या प्रश्नाला ‘मी’ हेच उत्तर. ‘मीच’, ‘मीसुद्धा’ यांत सर्वनाम गाळण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक वाक्यात ‘मी’ म्हणणाऱ्या मुलाचे नुकसान येथे होते. ‘मी’चा उपयोग सारखाच झाल्याने खरोखर जोर द्यायचा असेल तेव्हा त्याच्या हाती काही उरत नाही.

तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलताना तर अर्थच फिरू शकतो. ‘मावशी ताईला भेटली तेव्हा घाईत होती’ हे वाक्य ऐकले की मन बहुधा मावशीकडे वळते. ‘मावशी ताईला भेटली तेव्हा ती घाईत होती’ म्हटले की ताईकडेही बोट जाते. इटालियनमध्ये मारिया नेल्ला कार्मिनाती यांनी 2002 च्या आपल्या प्रबंधात ही विभागणी प्रयोगांनी दाखवली: गाळलेले सर्वनाम आधीच्या वाक्याच्या कर्त्याकडे जाते, उच्चारलेले सर्वनाम शक्यतो दुसऱ्या कोणाकडे. म्हणून ‘तो आला आणि तो बसला आणि तो म्हणाला’ अशी गोष्ट मुलाने सांगितली की ऐकणाऱ्याला मध्येच शंका येते, खोलीत माणसे किती आहेत?

हा दोष मुलांचाच असतो असे पालकांनी समजू नये. 2004 मध्ये इआन्थी त्सिम्पली, अँतोनेल्ला सोराचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या, इंग्रजी उत्तम येणाऱ्या ग्रीक आणि इटालियन प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसे मायदेशात वाढलेली, मातृभाषा पक्की झालेली. त्यांचे प्रत्यय चुकत नव्हते. पण उच्चारलेले सर्वनाम आधीच्या वाक्याच्या कर्त्याला लावण्यास ती मायदेशातील लोकांपेक्षा अधिक तयार होती. पुढे 2009 मध्ये सोराचे आणि सहकाऱ्यांनी इटालियन-इंग्रजी मुलांबरोबर इटालियन-स्पॅनिश मुलांनाही तपासले. स्पॅनिशही कर्ता गाळणारीच भाषा. तरी या मुलांनाही जादा सर्वनामे खटकत नव्हती. म्हणजे सगळे खापर इंग्रजीवर फोडणे बरोबर नाही. दोन भाषा एकाच वेळी सांभाळणाऱ्या मनाला संदर्भाचा हिशेब ठेवण्यापेक्षा सर्वनाम उच्चारून टाकणे सोपे जाते, असे या अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. सिंगापुरातील मराठी मूल दोन नव्हे, तीन-चार भाषा सांभाळत असते.

त्यांपैकी एक बहुधा हिंदी असते. सिंगापूरच्या शिक्षणव्यवस्थेत तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा मातृभाषा-विषय म्हणून घेता येतात. मराठी या यादीत नाही. त्यामुळे अनेक मराठी मुले शाळेसाठी हिंदी शिकतात. हिंदी आणि मराठी जवळच्या आहेत म्हणून एकीने दुसरीला मदतच होईल असा समज आहे, आणि शब्दांपुरता तो खराही आहे. पण भूतकाळात हिंदी क्रियापद पुरुषभेद पाळत नाही: मैं गया, तू गया, वह गया. मराठीत तेथे गेलो, गेलास, गेला अशी तीन रूपे. हिंदीच्या तालावर ‘मी गेला’ असे म्हणणारे मूल सर्वनाम गाळू शकत नाही, कारण नुसते ‘गेला’ म्हटले तर कोणी तिसराच गेला असे होईल. ‘मैंने खाया’च्या नमुन्यावर ‘मीने खाल्ले’ हेही घडते. मराठीत ‘त्याने’, ‘तिने’ आहे, पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना हा ‘ने’ लागत नाही.

येथे या प्रश्नाचे खरे मूळ दिसते. ‘मी’चा अतिरेक हा पुष्कळदा आजार नसून लक्षण असते. ज्या मुलाच्या तोंडी ‘गेलो-गेलास-गेला’ पक्के बसलेले नाही, त्याला सर्वनामाचा आधार घ्यावाच लागतो. फ्रेंचवर शतकांच्या ओघात जी वेळ आली ती त्याच्यावर दहा वर्षांत येते. अशा मुलाला ‘सारखे मी मी करू नकोस’ असे सांगून उपयोग नाही, उलट अपायच होईल: ‘मी’ गाळला आणि प्रत्यय चुकीचा राहिला तर वाक्यच कळणार नाही. आधी प्रत्यय, मग गाळणे, हाच क्रम असला पाहिजे. मुलगी ‘मी जातो’ म्हणाली तर मात्र दुरुस्तीची घाई करण्यापूर्वी घरातली बोली आठवावी. कोल्हापूरकडच्या अनेक बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात; आजी कोल्हापूरची असेल तर नात चुकली नसून वारसा चालवते आहे.

काही सर्वनामे तर गाळण्याआधी निवडावीच लागतात, आणि तेथे सिंगापूर मुलाच्या मदतीला येऊ शकते. ‘आजी, आम्ही उद्या बागेत जाऊ’ असे नातू म्हणाला तर आजीला घरीच बसावे लागेल. ‘आपण जाऊ’ म्हटले तरच तिला चपला घालता येतील. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हा भेद इंग्रजी ‘वुई’मध्ये नाही, हिंदी ‘हम’मध्ये नाही, इटालियन ‘नोई’मध्येही नाही. पण मलयमध्ये तो जशास तसा आहे: ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामि’ म्हणजे आम्ही. तमिळमध्येही ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ अशी जोडी आहे, आणि मराठीतला हा भेद दक्षिणेच्या शेजाराने दृढ झाला असे मानले जाते. मलय मित्राबरोबर वाढणाऱ्या मुलाला ‘आपण’ समजावण्यासाठी इंग्रजीचा आडमार्ग घेण्याचे कारण नाही. आणि निवड करण्याची धास्ती वाटलीच तर ‘जाऊया’ म्हणावे. त्या ‘या’मध्ये सगळे सामावतात.

मानाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सर्वनाम गाळल्याने ‘तू’ की ‘तुम्ही’ या पेचातून सुटका होत नाही, कारण ‘जेवलीस’ आणि ‘जेवलात’ यांतून तो पेच क्रियापदात शिरलेलाच असतो. मलयमध्ये शिक्षकाला ‘तुम्ही’ न म्हणता ‘चिकगू’ या पदवीनेच संबोधतात. सिंगापुरात टॅक्सीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे ‘अंकल’ आणि ‘आंटी’ होतात ते याच पेचातून. इटालियनने येथे चमत्कारिक वाट धरली: आदरार्थी ‘तुम्ही’साठी ती ‘लेई’ वापरते, ज्याचा मूळ अर्थ ‘ती’. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये हा ‘लेई’ हद्दपार करून ‘वोई’ लादण्याची मोहीम काढली होती. राजवट गेली, ‘लेई’ राहिला. मराठीकडे यासाठी एक साधी सोय आहे. ‘आजी, चहा घेणार?’ या ‘घेणार’ रूपाला पुरुष नाही, लिंग नाही, वचन नाही. पुण्याच्या आजीशी ‘तू’ने बोलायचे आणि नागपूरच्या आजोबांशी ‘तुम्ही’ने, हे अजून अंगवळणी न पडलेल्या मुलाला तेवढ्यापुरता आडोसा मिळतो. फार काळ तो पुरत नाही हेही खरे.

घरी करण्यासारखी गोष्ट तशी लहान आहे, आणि ती मोठ्यांनी स्वतःचे बोलणे ऐकण्यापासून सुरू होते. आई ‘तू आज शाळेत काय खाल्लंस?’ असे विचारते तेव्हा उत्तर ‘मी नूडल्स खाल्ले’ असेच येणार, कारण प्रश्नातल्या ‘तू’ला उत्तरातल्या ‘मी’चे निमंत्रण असते. ‘आज काय खाल्लंस?’ विचारले की ‘नूडल्स’ एवढे उत्तर पुरते. मग ‘पोट भरलं? परत कशाला आलास बसने, चालत का नाही?’ असा प्रश्नांचा ओघ ठेवला की ‘चालत नाही आलो, पाऊस होता’ हे वाक्य ‘मी’शिवाय आपोआप बाहेर पडते. गोष्ट पुन्हा सांगायला लावणे हा दुसरा चांगला सराव, कारण गोष्टीत पात्रे बदलतात आणि ‘तो’ केव्हा म्हणायचे, केव्हा नाही, याचा निर्णय प्रत्येक वाक्याला घ्यावा लागतो. ससा झोपला, उठला, धावला. कासव मात्र पोहोचले होते. शेवटच्या क्रियापदाच्या आधी ‘कासव’ हा शब्द आला नाही तर शर्यत कोण जिंकले हे कळणार नाही, आणि ‘ससा’ प्रत्येक क्रियापदाआधी आला तर ऐकणारा त्याच्या आधीच झोपी जाईल.